कंस बंद कोणी करायचा?

प्रोग्रामिंगची नवी भाषा करायला घेतली की घरचे, दारचे आणि ऑफिसातले एकच प्रश्न विचारतात : “आहेत त्या काय वाईट आहेत?” प्रश्न बिनतोड आहे. आहेत त्या मुळीच वाईट नाहीत. उलट आहेत त्यांतल्या दोन जरी धड आल्या तरी माणसाचा जन्म सुखात जाईल. तरीही भाषा करणारे थांबत नाहीत, कारण त्यांच्या खिशात एक उदाहरण कायम असतं. १९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅममध्ये गुइदो व्हान रॉसम नावाच्या गृहस्थांचं ऑफिस नाताळसाठी बंद राहणार होतं. तेवढ्या आठवड्यात हाताला काही चाळा हवा म्हणून त्यांनी एक इंटरप्रिटर लिहायला घेतला. १९९१ मध्ये तो लोकांपुढे आला. त्या भाषेचं नाव पायथन, आणि आज ती शाळेतली पोरं शिकतात. नाताळच्या एका सुट्टीत पायथन सुरू झाली हे सगळ्यांना पाठ असतं. जगातल्या बाकीच्या सुट्ट्यांत काय काय सुरू झालं आणि सुट्टीबरोबरच संपलं, हे कोणी विचारत नाही.

आमची भाषा दिवाळीच्या सुट्टीत सुरू झाली. ‘आमची’ म्हणजे माझी आणि आमच्या सोसायटीतल्या काकांची. मी एका कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे जे काम पुण्यात बरेच लोक फुकट करतात, दुसऱ्यांच्या चुका काढायचं, त्याचा मला पगार मिळतो. काकांची हयात कोबोलमध्ये गेली. पंच कार्डांच्या काळात ते नोकरीला लागले आणि त्या काळातली एक सवय अजून त्यांच्या अंगात आहे : ओळीच्या सुरुवातीला सात जागा रिकाम्या सोडायच्या आणि बहात्तराव्या घरापलीकडे जायचं नाही. कोबोलच्या कार्डावर पहिली सहा घरं क्रमांकाची, सातवं खुणेचं, आणि बहात्तरनंतरची शेवटची आठ घरं कंपायलर वाचतच नसे. कार्डं गेली, ती छिद्रं पाडणारी यंत्रं गेली, काकांचा समास तेवढा राहिला.

दोघांनी मिळून काही करावं असं आमच्यात समान काय होतं, तर दोघांनाही आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या भाषांची बोलणी खावी लागली होती. एकदा आपणही बोलणी ऐकवून पाहू, असा काहीसा सुप्त हेतू असावा. भाषेला नाव सुचेना, म्हणून संगणकावरच्या फोल्डरला काकांनी ‘तूर्त’ असं नाव दिलं. पुढे तेच कायम झालं, जसं तात्पुरत्या नेमणुकांचं होतं.

एकट्यानंही भाषा करता येते. बरेच जण करतात. पण एकट्याच्या भाषेत आणि स्वतःशी पुटपुटण्यात फारसा फरक उरत नाही. दोघं असले की भांडायला विषय मिळतो, आणि भांडण मिटवायचं तर नियम लिहून काढावा लागतो. भाषेचं व्याकरण म्हणजे मिटलेल्या भांडणांची यादी, हे मला ‘तूर्त’मुळे कळलं.

इंटरप्रिटरचं काम सांगायला सोपं आहे. माणसानं लिहिलेला मजकूर तो आधी शब्दाशब्दांत तोडतो, त्या तुकड्यांना टोकन म्हणतात. मग व्याकरणाप्रमाणे त्या टोकनांची मांडणी करून झाड तयार करतो (हे काम करणारा भाग म्हणजे पार्सर), आणि शेवटी त्या झाडाच्या फांदीफांदीवरून फिरत सांगितलेलं काम उरकतो. कंपायलर स्वतः काम करत नाही, तो अख्ख्या मजकुराचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करून देतो. अलीकडे रॉबर्ट निस्ट्रम यांच्या ‘क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स’नं हौशी लोकांची मोठी सोय केली आहे. छापील पुस्तक २०२१ मध्ये आलं, आणि त्यात एकच छोटी भाषा दोनदा बांधून दाखवली आहे, एकदा जावात, एकदा सीमध्ये. आम्ही सी निवडली. जावा घेऊ, असं मी सुचवून पाहिलं होतं.

“या वयात मला नवी भाषा शिकायला लावू नकोस,” काका म्हणाले. हे ते नवी भाषा करायला बसले असताना म्हणत होते.

पहिलं भांडण झालं ‘नाहीतर’वरून. शब्द मराठी ठेवायचे यावर एकमत होतं : जर, तर, नाहीतर, जोवर. पण समजा कोणी लिहिलं, “जर पाऊस तर जर छत्री तर जा नाहीतर थांब.” यातलं ‘नाहीतर’ कोणाचं? पहिल्या ‘जर’चं धरलं, तर पाऊस नसताना थांबायचं. दुसऱ्याचं धरलं, तर पाऊस आहे आणि छत्री नाही तेव्हा थांबायचं. माणूस मनाशी हसून दुसरा अर्थ घेतो आणि पुढे जातो. यंत्राला हसता येत नाही, त्याला सांगावं लागतं. हा घोळ अल्गोल ६० पासूनचा आहे आणि बहुतेक भाषांनी त्यावर एकच तोडगा काढला : ‘नाहीतर’ जवळच्या ‘जर’ला चिकटवायचं. मला तो पुरेसा वाटत होता. काकांना नाही.

“अगं, कोबोलमध्ये टिंब असायचं,” काका म्हणाले. “एक टिंब दिलं की वर उघडलेले सगळे ‘जर’ एकदम बंद. चुकून एक टिंब मध्येच पडलं, की ज्यांना मिळायला नको त्यांना बोनस!”

हे त्यांनी पाहिलेलं असावं, कारण बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. कोबोलनं १९८५ च्या आवृत्तीत ‘जर’ संपवण्यासाठी वेगळा शब्द दिला, तोवर सगळा भार त्या टिंबावर होता. त्यामुळे ‘तूर्त’मध्ये प्रत्येक ‘जर’ स्वतंत्रपणे संपवायचा, असं ठरलं. संपवायला शब्द कोणता, यावर बराच खल झाला. ‘इति’ फार पोथीतला वाटला, ‘समाप्त’ सिनेमातला. शेवटी काकाच वैतागून म्हणाले, “बस!” तोच ठेवला.

ही चर्चा आम्ही खालच्या बाकावर करत असताना दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “हे सगळं पाणिनीनं आधीच करून ठेवलंय.” पुण्यात हे वाक्य ऐकायला फार वाट पाहावी लागत नाही. पण यावेळी ते अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. भाषांचं व्याकरण नियमांच्या साखळीनं लिहायची जी पद्धत अल्गोल ६० मध्ये बॅकस आणि नाउर यांच्या नावानं रूढ झाली, तिला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावं, असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं होतं. पाणिनीनं सुमारे चार हजार सूत्रांत अख्खं संस्कृत बसवलं, आमच्या मूठभर नियमांत ‘जर’ही नीट बसत नव्हता. गृहस्थ एवढं सांगून जिना चढून गेले. पार्सर लिहायला थांबले नाहीत.

दुसरं भांडण जरा नाजूक होतं. पडद्यावर काही छापायचं तर आज्ञा कोणती? मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून “बेरीज दाखव” असं लिहायचं. यात पार्सरची पंचाईत अशी की वाक्य संपेपर्यंत करायचं काय हे त्याला कळत नाही, सगळं ऐकून हातात धरून बसावं लागतं. चार्ल्स मूर यांची फोर्थ ही भाषा असंच करते, आकडे आधी आणि क्रिया शेवटी, त्यामुळे हे जमतं हे माहीत होतं. नाजूक भाग पुढचा होता : ‘दाखव’ की ‘दाखवा’? काकांचं मत, यंत्राला अहोजाहो कशाला? माझं म्हणणं, आपण यंत्राला काय म्हणतो ते राहू द्या, यंत्र आपल्याला काय म्हणणार ते बघा. शेवटी दोन्ही रूपं चालतील असं ठरलं आणि त्याला एक जोड दिली. ज्यानं प्रोग्राममध्ये ‘दाखवा’ लिहिलं त्याच्याशी ‘तूर्त’ ‘तुम्ही’ म्हणून बोलेल, ज्यानं ‘दाखव’ लिहिलं त्याच्याशी ‘तू’ म्हणून. अशा गमतीला पूर्वज आहे. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी, डॉन वुड्स आणि जेम्स लायन यांनी, इंटरकॅल नावाची भाषा निव्वळ थट्टा म्हणून केली. तिच्यात प्रोग्रामरनं मधूनमधून ‘प्लीज’ म्हणावं लागतं. कमी वेळा म्हटलं तर उद्धट म्हणून प्रोग्राम नाकारला जातो, फार वेळा म्हटलं तर लाळघोटेपणा म्हणून.

इथवर आमचं आमच्यात चाललं होतं. मग तिसरा पक्ष आला, सीचा कंपायलर जीसीसी. ‘तूर्त’ सीमध्ये लिहिलेली, म्हणजे आमचा इंटरप्रिटर आधी जीसीसीला पटला पाहिजे. माझा लॅपटॉप इंटेलचा. काकांकडे नातवानं दिलेला रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, टीव्हीला जोडलेला. कोड तोच, अक्षर न अक्षर तोच. काकांकडे मराठी नावांचे प्रोग्राम सुरळीत चालायचे. माझ्याकडे ‘बेरीज’ हे नाव कधी चालायचं, कधी “अनोळखी चिन्ह” असा निरोप यायचा, कधी सगळंच कोसळायचं. इंग्रजी अक्षरांतली नावं मात्र दोन्हीकडे ठीक.

“माझ्याकडे चालतं,” काका म्हणत. हे वाक्य ऑफिसात मी प्रोग्रामर मंडळींकडून रोज ऐकते आणि त्यावर माझा विश्वास कधीच नसतो. सुट्टीच्या दिवशी तेच वाक्य घरपोच मिळू लागलं.

कंपायलरमध्येच बग असणार, असं माझ्या मनात येऊन गेलं. हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो आणि त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सी-स्मिथ नावाचं एक साधन केलं होतं. ते सीचे आडवेतिडवे प्रोग्राम आपोआप लिहितं आणि वेगवेगळ्या कंपायलरांना खाऊ घालतं. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलेला हिशेब असा, की तोवर कोणालाही माहीत नसलेले सव्वातीनशेहून अधिक बग या साधनानं कंपायलरांत शोधले. तेव्हा कंपायलरमध्ये बग असतात. फक्त तुमचा बग त्यांतला नसतो.

आमचाही नव्हता. आमच्याकडे २५६ घरांचा एक तक्ता होता : कुठला बाइट अक्षराचा, कुठला आकड्याचा, कुठला चिन्हाचा. मजकुरातला बाइट घ्यायचा, त्या क्रमांकाच्या घरात बघायचं. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट असतो २२४. आता सीमधला ‘कॅर’ हा प्रकार ऋण आकडे धरतो की नाही, हे भाषेनं ठरवलेलंच नाही, ज्या त्या यंत्रावर सोडलं आहे. काकांच्या पायवर तो ऋण नसतो, म्हणून २२४ हा २२४ च राहायचा आणि बरोबर घर सापडायचं. माझ्या इंटेलवर तोच बाइट उणे ३२ होत होता. तक्त्यात उणे बत्तीसावं घर नाही, म्हणून प्रोग्राम तक्त्याच्या अलीकडे बत्तीस घरं मागे जाऊन, तिथे जे कोणी असेल त्याला विचारून येत होता. तिथे दर वेळी कोणी भलतंच असायचं, म्हणून उत्तरही दर वेळी भलतं. इंग्रजी अक्षरं १२७ च्या आत बसतात, त्यांना ऋण व्हायची वेळच येत नाही. दुरुस्ती म्हणाल तर एका शब्दाची : ‘कॅर’च्या आधी ‘अनसाइन्ड’.

ती ओळ कोणी लिहिली होती? कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये हे शोधायची खास सोय आहे आणि त्या आज्ञेचं नावच ‘ब्लेम’ आहे. ती आज्ञा ‘तूर्त’वर चालवायची नाही, असा आमच्यात अलिखित करार झाला. दोघांच्या कामात असे करार व्याकरणाइतकेच लागतात.

सगळं जरा स्थिरस्थावर झालं आणि मी लॅपटॉप अद्ययावत केला. सकाळी चालणारा कोड संध्याकाळी उभा राहीना. आमच्याकडून एक स्वल्पविराम हललेला नव्हता. झालं होतं असं, की नव्यानं आलेल्या जीसीसी १५ नं सीचे ताजे नियम, ज्यांना सी-२३ म्हणतात, ते आपणहून लागू केले होते. सीमध्ये खरं-खोटं सांगायला आधी स्वतःचे शब्दच नव्हते, म्हणून जुने लोक ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ ही नावं स्वतः ठरवून घेत. काकांनीही घेतली होती. नव्या नियमांत ते शब्द भाषेनं राखून ठेवले, त्यामुळे आमची व्याख्या बेकायदा ठरली. आदल्या दिवशीपर्यंत आम्ही या शब्दांचे मालक होतो, आज अतिक्रमण करणारे.

यावर सोपी पळवाट होती. जुन्याच नियमांनी वाच, असं कंपायलरला एका पर्यायानं सांगता येतं. मी तेच करणार होते. काकांनी हात धरला. “जुन्याच नियमांनी चालू दे म्हणत म्हणतच सगळे दोन हजार सालापर्यंत आले होते,” ते म्हणाले. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांची डागडुजी करण्यात त्यांची १९९८ आणि १९९९ ही सालं गेली होती. अशा माणसाशी पळवाटांबद्दल वाद घालता येत नाही. आम्ही व्याख्या काढून टाकली आणि भाषेनं दिलेले शब्द मुकाट्यानं वापरले.

मग आला आमच्या आवडीचा भाग. आता ‘तूर्त’ वापरणाऱ्याच्या चुका आम्ही काढणार होतो. इथे काकांचा आणि माझा अनुभव दोन टोकांचा निघाला. काकांच्या तरुणपणी कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि निकाल दुसऱ्या दिवशी घ्यायला यायचं. दिवसाला एकच फेरी, तेव्हा कंपायलरनं एका फेरीत जमतील तितक्या चुका सांगणं भाग होतं. पण एक चूक झाल्यावर पुढचं वाचणार कसं? काकांनी अप्पा बळवंत चौकातून कधीकाळी आणलेलं आहो, सेठी आणि उलमन यांचं १९८६ चं पुस्तक, मुखपृष्ठावर लाल ड्रॅगन असलेलं, यावर एक उपाय सांगतं आणि त्याला ‘पॅनिक मोड’ म्हणतं : चूक दिसली की पुढचा ओळखीचा शब्द येईपर्यंत सगळं टाकून देत पळायचं आणि तिथून पुन्हा वाचायला लागायचं. घाबरलेला माणूस जितकं अचूक सांगेल तितकंच हे अचूक. म्हणून एक कंस राहिला तर चुकांची यादी पानभर येते आणि त्यातली पहिलीच खरी असते. १९८३ मध्ये टर्बो पास्कल आली. ती इतक्या झटपट काम करायची की पहिल्या चुकीशी थांबून कर्सर तिथे नेऊन ठेवला तरी चालत होतं. दुरुस्त करा, पुन्हा चालवा. फेरी स्वस्त झाली आणि चुका एकेक करून सांगता येऊ लागल्या. ‘तूर्त’ही पहिल्या चुकीशी थांबेल, असं ठरलं.

निरोपांचे शब्द काकांनी लिहायचे होते. काकांचं बालपण सदाशिव पेठेत गेलेलं. त्यांनी लिहून आणलेला कागद मी वाचला आणि संगणकाच्या पडद्यावर पुणेरी पाट्या लावल्यासारखं वाटलं :

“ओळ ४ : कंस उघडलात. बंद कोणी करायचा?”

“ओळ ७ : ‘बेरिज’ नावाचं इथे कोणी राहत नाही. ‘बेरीज’ राहते. चौकशी तिच्याकडे करावी.”

“ओळ ११ : शून्यानं भागायला सांगू नये. एकदा सांगितलं आहे.”

“ओळ १५ : ‘जर’ सुरू केलात, ‘बस’ नाही. आम्ही किती वेळ ताटकळायचं?”

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या निरोपासाठी तर खरी मेहनत होती. चुकलेल्या नावाच्या सर्वांत जवळचं नाव कोणतं हे शोधायला दोन शब्दांत किती अक्षरांचा फेरफार आहे ते मोजावं लागतं, तो हिशोब मी दोन संध्याकाळी बसून जुळवला होता. तो इतक्या खवचट वाक्यात बसलेला पाहून मला कृतकृत्य वाटलं.

नंतर आम्हाला आणखी हौस आली. हल्लीचे कंपायलर चुकीची ओळ पुन्हा छापून नेमक्या जागेखाली एक छोटं टोक काढतात. क्लँग या कंपायलरनं ते चांगलं केलं, जीसीसीनं २०१३ मध्ये कायमचं घेतलं. आम्हीही काढलं, तर टोक उजवीकडे पार पडद्याच्या मोकळ्या जागेत जाऊन उभं. कारण मोजणी बाइटांची होती. ‘मराठी’ हा शब्द बाइटांत मोजला तर पंधरा, युनिकोडच्या खुणांत मोजला तर पाच, आणि डोळ्यांनी पाहिला तर तीन अक्षरांचा : म, रा, ठी. आम्ही अक्षरं मोजायला शिकवलं, तर ‘ठी’ रुंद आणि ‘र’ अरुंद, म्हणून टोक तरीही शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं. चूक नसलेल्या शब्दाला चूक ठरवण्यापेक्षा टोकच नको, म्हणून ते काढून टाकलं आणि चुकलेला शब्दच अवतरणांत छापायचं ठरवलं.

आता ‘तूर्त’ला गिऱ्हाईक हवं होतं. काकू शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या भिशीचा हिशोब ‘तूर्त’मध्ये करावा, असं काकांनी फार मनधरणी करून पटवलं. काकूंनी चष्मा लावला, सांगितलं तसं लिहिलं, ‘दाखवा’ लिहिलं, चालवलं. चौथ्या ओळीत एक कंस राहिला होता. ‘तूर्त’नं तत्काळ विचारलं : कंस उघडलात. बंद कोणी करायचा?

आम्ही दोघं काकूंच्या तोंडाकडे बघत होतो. त्या हसल्या नाहीत.

“अहो, हे तुम्ही लिहिलंय ना?” त्या म्हणाल्या.

काकांनी मान्य केलं. शैलीवरून लपणं शक्य नव्हतं.

“कंस कुठे राहिला ते यात कुठे आहे? ओळीत तीन कंस आहेत. बंद मीच करणार आहे, दुसरं कोण करणार? कुठला ते सांगा ना.” त्यांनी कीबोर्ड पुढे सरकवला. “मी वह्या तपासायचे तेव्हा चुकलेल्या पायरीवर खूण करायचे आणि बाजूला लिहायचे, इथे हातचा राहिला. ‘डोळे उघडे ठेवून गणित कर’ असा शेरा मारणारेही होते शाळेत. त्यांच्या वर्गातली मुलं गणित सोडवायचीच नाहीत, चूक व्हायला नको म्हणून.”

आणि त्या भिशीची वही घेऊन हिशोब हातानं करायला बसल्या. बेरीज बरोबर आली.

काकांनी तो कागद खिशात ठेवला. दोन दिवस आम्ही विषय काढला नाही, मग काढला. टोमणा लिहिणाऱ्याला मारतानाच मजा येते, खाणाऱ्याला त्यातून कंस सापडत नाही, एवढं आमच्या लक्षात आलं होतं. २०१५ च्या सुमारास एल्म भाषेच्या लोकांनी कंपायलरचे निरोप माणसासाठी लिहायचा चंग बांधला होता आणि रस्ट भाषेनं त्यांच्यापासून धडा घेतला होता, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि समोरच्यानं कीबोर्ड पुढे सरकवणं वेगळं.

निरोप पुन्हा लिहिले. “ओळ ४ : ‘हप्ता’ या शब्दाआधी उघडलेला कंस बंद झालेला नाही. ओळीच्या शेवटी बंद करून पाहा.” हे वाक्य छापायला सोपं, पण त्यासाठी कुठला कंस कुठे उघडला हे इंटरप्रिटरला शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. आधी त्याला फक्त किती उघडे आहेत एवढंच माहीत होतं. “ओळ ११ : ‘सदस्य’ची किंमत इथे शून्य आहे, म्हणून भागाकार होत नाही.” यासाठी किंमत आणि नाव दोन्ही जवळ ठेवावं लागलं. चूक सभ्यपणे सांगायची तर आधी ती नीट समजून घ्यावी लागते, आणि समजून घेण्याचा खर्च टोमण्यापेक्षा बराच जास्त येतो. आमच्या पार्सरला लागले नसतील इतके श्रम त्या वाक्यांना लागले. जुन्या पाट्यांपैकी फक्त एकच ठेवली, काकांच्या हट्टाखातर. ती ‘दाखव’ लिहिणाऱ्यांसाठी आहे, आणि ‘दाखव’ लिहिणारे एकटे काकाच आहेत.

अख्ख्या इंटरप्रिटरमध्ये बाकी सगळं यंत्र वाचतं. माणूस वाचतो ती वाक्यं एवढीच, आणि तीही तो अडलेला असताना. म्हणून भाषा करायची हुक्की तुम्हालाही आली तर खुशाल करा. “आहेत त्या काय वाईट आहेत” या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. जोडीदार असा घ्या जो तुमच्याशी पटकन सहमत होत नाही, आणि गिऱ्हाईक असं शोधा ज्याला तुमच्या विनोदाचं कौतुक नाही. व्याकरण सावकाश लिहा, चुकांचे निरोप आधी लिहा आणि त्या गिऱ्हाइकाला वाचायला द्या. वाचून ते पुन्हा कीबोर्डकडे वळलं तर भाषा जमली. वहीकडे वळलं तर कंपायलर कितीही निर्दोष असो, भाषा अजून व्हायची आहे.